मागचं रुंद चाक

कारखान्याचा बॉयलर पेटला की सगळ्यात आधी माझ्या दोरीवरच्या कपड्यांना कळतं. वाळत घातलेल्या पांढऱ्या बंडीवर काळी बारीक काजळी येऊन बसते, झटकायला जावं तर रेघ उठते. मग भोंगा ऐकू येतो. मग मळीचा तो आंबूस-गोड वास, ज्याला पाहुणे नाक धरतात आणि जो आला नाही तर आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. मग ट्रॅक्टर सुरू होतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर उसाचा डोंगर, आणि ड्रायव्हरच्या कानाशी एवढ्या मोठ्यानं लावलेली गाणी की बिचाऱ्याला मागं कोण हॉर्न वाजवतंय ते या जन्मी कळायचं नाही.

यंदाही सगळं तसंच झालं. दिवाळी उरकली, ऊसतोडीची माणसं आली, कालव्याच्या चारीच्या कडेला त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, उभ्या राहिल्या. मी अंथुर्ण्याजवळच्या आमच्या वस्तीवर अंगणवाडी चालवते. हंगाम आला की पट वाढतो. तोडणीवाल्यांची पोरं नाक पुसत दारात उभी राहतात, आत या म्हटलं की लाजतात आणि खिचडीचा वास आला की न बोलावता आत येतात. तीन-चार महिने ती माझी असतात. कारखाना बंद झाला की एक दिवस कोप्या मोडतात, आणि दुसऱ्या दिवशी सतरंजीचा एक कोपरा रिकामा दिसतो.

या दिवसांत माझं लक्ष रस्त्यावरच्या धुळीकडे असतं. दुपारी अंगणवाडीला कुलूप लावून घरी निघाले की मी खाली बघत चालते. ट्रॅक्टरच्या चाकांचे मोठे ठसे, बैलांचे खूर, सायकलची नागमोडी रेघ. आणि त्या सगळ्यावरून गेलेला एक चमत्कारिक माग दिसतो. पुढं बोटभर बारीक रेघ आणि तिच्यावरून मागाहून गेलेला वीतभर पट्टा. तो दिसला की मालक घरी पोचलेत हे मला कळतं, आणि माझी पावलं उगाच भरभर पडायला लागतात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी पडतात, त्याला मी काय करू.

मालक म्हणजे आमचे हे. आणि तो माग आमच्या मोटारसायकलचा. तिला पुढं मोटारसायकलचं चाक आहे आणि मागं कारचं. नवीन माणूस बघतो आणि आधी हसतो. मग वाकून बघतो. मग विचारतो, "ह्ये कशापायी?" मालक म्हणतात, "बरं पडतं." एवढंच. त्यांच्या तोंडून याहून जास्त कुणी काढलेलं नाही. मीही नाही, आणि मला तर ते विचारायचा हक्क होता.

ते चाक अशाच एका हंगामात आलं. मला तेव्हा दिवस गेले होते. त्याआधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा राहिलं नव्हतं. त्यामुळे या खेपेला घरातल्या सगळ्यांनी आवाज खाली आणले होते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या मला विहिरीकडं जाऊ देत नव्हत्या, घागर उचलू देत नव्हत्या, जोरात हसले तरी "आगं, हळू" म्हणायच्या. शेजारणी यायच्या, माझ्या पोटाकडं बघून बोलायच्या आणि पोटाकडंच बघून जायच्या. मला वाटायचं, एकदा तरी कुणीतरी मान वर करून विचारावं, शालन, तू कशी हायेस.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जपा, धक्का बसता कामा नये, आणि दर पंधरा दिवसांनी दाखवायला या. मी बाहेर आल्यावर मालकांना म्हटलं, "ह्या दोन गोष्टी एकाच तोंडानं कशा काय सांगतात वो ह्या बाई?" कारण आमच्या वस्तीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत चारीचा कच्चा रस्ता, आणि हंगामात त्याची उसाच्या ट्रॅक्टरांनी चाळण केलेली. पुढं लासुर्णे, बेलवाडी, सणसर करत बारामतीपर्यंत डांबरी होता, पण त्या डांबरीला तरी कोण डांबरी म्हणणार. माणसं कोंबून नेणारी वडापची जीप अशी आदळायची की धडधाकट माणसाचीही आतडी हलावीत. आणि मालकांची लाल मोटारसायकल तर दुधाच्या किटल्या वाहून वाहून हाडाची खिळखिळी झालेली.

दोन दिवस मालक हातात भाकरी घेऊन कुठंतरी बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मोटारीत धक्का का बसत न्हाई, सांग बरं." मी म्हटलं, "मला काय ठावं, मी कुठं बसलीय." तर म्हणाले, "चाक रुंद असतंय. हवा कमी असती." आणि चप्पल घालून बाहेर पडले.

ते गेले इंदापूरला रफिकभाईंकडं. रफिकभाईंचं पंक्चरचं आणि वेल्डिंगचं दुकान माझ्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी. लहानपणी त्यांच्या घरचा शिरखुर्मा मी इतका खाल्लाय की ते मला बहीण मानतात आणि मालकांना दाजी म्हणतात. पुढं काय झालं ते त्यांनीच मला पुढं कितीदा तरी हसत सांगितलं.

"दाजी म्हनले, गाडीला मागं कारचा टायर बसवायचाय. मी म्हनलं, गुरांना उसाचं वाढं वाह्यचंय का? न्हाय म्हनले. दूध? न्हाय. मग कशाला, दाजी? तर म्हनले, तुमची बहीण बसायचीय मागं."

रफिकभाईंनी आधी वेड्यातच काढलं. मोटारसायकलच्या तारांच्या चाकावर कारचा टायर चढतच नाही, त्याचं माप वेगळं. मग दोघांनी मिळून उद्योग केला. भंगारातून एका जुन्या लहान मोटारीचं लोखंडी चाक आणलं. त्याचा मधला भाग कापून काढला आणि तिथं मोटारसायकलच्या चाकाचा मधला ड्रम बसवून वेल्डिंग मारलं. चाक जाड, ते मागच्या दोन नळ्यांच्या मधे मावेना, म्हणून नळ्या तापवून फाकवल्या. मडगार्ड कापलं, साखळी लांबवली. साखळीवरचं झाकण बसेना तेव्हा रफिकभाई म्हणाले, ताईचा पदर अडकंल. मग तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दोघांनी एक आडोसा केला आणि त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. त्या पत्र्यावर तेलाच्या जाहिरातीतली हसरी बाई अर्धी राहिली होती. पुढं मी मागं बसले की माझा पाय त्या बाईच्या गालाला लागायचा.

गाडी वस्तीवर आली तेव्हा बघायला माणसं जमली. कुणी म्हणालं, ट्रॅक्टरचं पिल्लू हाय. कुणी म्हणालं, आता मागं नांगर जोडा. मालकांनी ऐटीत किक मारली, चारीच्या रस्त्यानं गेले आणि पहिल्याच वळणाला सरळ शेजाऱ्यांच्या उसात घुसले. झालं असं की मोटारसायकलचा टायर गोल असतो, वळणावर गाडी त्याच्या कडेवर कलते. कारचा टायर सपाट. तो काही केल्या कलत नाही. मालकांनी सवयीनं अंग कलतं केलं, आणि गाडी ताठ मानेनं नाकासमोर चालत गेली. उसाच्या पात्यांनी तोंडभर ओरखडे घेऊन परत आले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "तोडणीला गेला हुतास व्हय रं?" मला हसू आवरेना. आणि त्या मेलीला पोटात जपायचं म्हणून हसताही येईना.

मेली म्हटलं मी. माझ्या मनात ती मुलगीच होती. मालकांनाही तसंच वाटायचं, पण आत्याबाईंसमोर आम्ही दोघंही काही बोलायचो नाही.

मग ते गाडी शिकायला लागले, पोरगं सायकल शिकतं तसे. वळण आलं की अंग कलवायचं नाही, हँडल धरून ओढून वळवायचं आणि सावकाश जायचं. तरी मला बसू देईनात. एक दिवस अंथरुणावरून खिडकीतून बघते तर मालक मागच्या सीटवर दुधाची किटली बांधतायत. काठोकाठ पाण्यानं भरलेली आणि झाकण काढलेली. चारीच्या रस्त्यानं एक फेरी मारली. परत आले तेव्हा पाठ चिंब आणि किटली निम्मी. खाली उतरले, चाकातली थोडी हवा सोडली, अंगठ्यानं टायर दाबून बघितला, किटली पुन्हा भरली आणि पुन्हा निघाले. भिजायचे, हवा सोडायचे, दाबायचे, भरायचे. किती दिवस चाललं होतं कुणास ठाऊक. एका सकाळी ते खिडकीपाशी आले आणि कोरडी पाठ मला दाखवून म्हणाले, "बस आता."

ते बसणं मी विसरले नाही. एक हात पोटावर, एक हात त्यांच्या खांद्यावर. खाली ते चाक खड्ड्यात जायचं आणि उगाच दचकवल्याशिवाय वर यायचं. डांबरीला लागलं की त्याचा घुंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा. वेग तर विचारूच नका. बैलगाड्या आम्हाला मागं टाकायच्या. सायकलवाला दूधवाला शेजारून जाताना कळवळून म्हणायचा, "पंक्चर झालीय का वो?" मालक म्हणायचे, "न्हाय, ठीक हाय." तो वळून वळून बघत पुढं जायचा. उसाच्या ट्रॉल्या अंगावरून गेल्यासारख्या जायच्या, त्यांच्यातून एखादं कांडं गळून रस्त्यावर पडायचं, आणि मालक गाडी थांबवून ते उचलून आणायचे, माझ्यासाठी सोलून द्यायचे. आम्हाला कुठं घाई होती.

आणि मालक बोलायचे. हे खरं कुणाला वाटणार नाही. घरात चार शब्दांवर दिवस काढणारा माणूस गाडीवर बसल्यावर बोलत राहायचा. तोंड पुढं, आवाज वाऱ्यावर मागं. लहानपणी मेलेला त्यांचा पांढरा बैल, शाळेत मास्तरांनी धरलेला कान, मला बघायला आले तेव्हा पोह्यातली मिरची दातात अडकून डोळ्यांत पाणी आलं होतं ते. मला इतकी वर्षं वाटत होतं की मला बघून त्यांचे डोळे भरून आले. मी पाठीत एक चापट मारली. सणसर आलं की म्हणायचे, "हितं भेळ चांगली मिळती, नंतर खाऊ." नंतर म्हणजे ती झाल्यावर. किती गोष्टी नंतरवर टाकल्या होत्या आम्ही. वाटेतल्या प्रत्येक गावात एकेक ठेवली होती.

सातवा लागला होता. दुपारची वेळ, घर शांत. मी ओट्यावर भिंतीला टेकून ज्वारी निवडत बसले होते. उठले नाही, वाकले नाही, काही उचललं नाही. हे मी अजून स्वतःला सांगते. कसला म्हणून धक्का बसला नव्हता. सुपातला खडा बाजूला टाकला आणि आत काहीतरी सुटलं.

शेजाऱ्यांच्या जीपमधून मला नेलं. मालक शेतात होते, त्यांना मागाहून कळलं. ते त्याच गाडीवर निघाले, आणि ती गाडी काही पळेना. पळायसाठी ती केलीच नव्हती. ते दवाखान्याच्या दारात आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मुलगीच होती. त्यांनी तिला दोन्ही हातांवर घेतलं, खिडकीजवळ उजेडात नेलं, आणि बराच वेळ माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. पाठीवरचा सदरा घामानं चिंब होता. मला ती किटली आठवली.

आठवड्यानं मला घरी सोडलं. मला वाटलं जीप येईल. मालक तीच गाडी घेऊन आले. मी बसले. पोटावरच्या हाताला काही काम उरलं नव्हतं, तरी तो तिथंच गेला. आणि मालक निघाले ते आधीपेक्षाही सावकाश. माणूस चालत गेला असता तर पुढं गेला असता. सणसरचा भेळवाला मागं गेला, बेलवाडी गेली. मला ती हळू चाल सोसवेना. एकेक गाव असं समोर आणून दाखवायची काय गरज होती. मी शेवटी म्हटलं, "आता कशाला सावकाश? आता काय हाय जपायला?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. मान सरळ, डोळे रस्त्यावर. घरी पोचलो तरी दिलं नाही.

पुन्हा दिवस गेले नाहीत. मला वाटलं आता ते चाक निघेल. निघालं नाही. हंगाम आला, गेला, टायर गुळगुळीत झाला तर मालक रफिकभाईंकडून दुसरा टाकून आले, तोही कारचाच. पेट्रोल जास्त खातंय, गाडी ओढत न्हाई, लोक सांगून थकले. "असू दे," म्हणायचे. मला त्याचा राग यायचा. दारात ते चाक दिसलं की मला वाटायचं, ह्यांनी तिच्यासाठी मांडलेला पाट अजून उचललेला नाही. मी उचलावा म्हटलं तर माझ्यानं होईना. कधीकधी तर मला हेवा वाटायचा. ती नव्हती तरी चाक तिचं होतं, आणि मी आपली रोज त्याच्यावर बसून बाजारला जात होते.

तरीही खरं सांगू का? मला तो हंगाम परत हवा आहे. सगळा. दुखल्यासकट. नंतर ठरवलेल्या सगळ्या गोष्टी अजून पुढं असलेला, बैलगाड्या पुढं जाणारा, आणि मालकांचा आवाज वाऱ्यावर मागं येणारा. आता बारामतीचा रस्ता चांगला रुंद झालाय, गाड्या सुसाट जातात, सणसर कधी आलं ते कळतही नाही. पुतण्यानं मोटार घेतलीय. तिच्यात धक्का बसत नाही हे अगदी बरोबर आहे. पण तिच्यात कुणी बोलतही नाही.

परवाची गोष्ट. अंगणवाडीत या हंगामाला एक तोडणीवाली बाई तिच्या पोराला सोडायला येते, तिला सातवा-आठवा असावा. डोक्यावर वाढ्याचा भारा घेऊन चारीच्या कडेनं ती झपाझप चालत जाते. मी तिला रोज म्हणते, बाई, बस जरा. ती हसते आणि म्हणते, "बसून कसं भागंल, मॅडम?" परवा तिला तसं जाताना बघितलं आणि मन कशात लागेना. कुलूप लावून निघाले. खाली बघत चालले तर धुळीत तो माग दिसला, पण त्या दिवशी तो निराळा होता. नव्या टायरची नक्षी उमटलेली, आणि तोच तो माग जाताना आणि येताना, पुन्हा जाताना आणि येताना. मागाच्या शेजारी सगळीकडं पाण्याचे थेंब पडलेले, धुळीत गोल गोल डाग.

वळणावर गेले तर मालक येत होते. केस पांढरे, मान सरळ, अंग जराही कललेलं नाही. मागच्या सीटवर किटली बांधलेली, झाकण नसलेली. सदरा पाठीला चिकटलेला.

मी रस्त्यातच उभी राहिले. गेल्या महिन्यापासून माझी कंबर धरलीय, बारामतीच्या डॉक्टरांनी मणक्यात काहीतरी सरकलंय म्हणून सांगितलंय. मालकांनी गाडी थांबवली, उतरले, नेहमीसारखे वाकून अंगठ्यानं टायर दाबायला लागले.

"अवो, ह्ये काय चाललंय?"

"नवा टायर टाकलाय. हवेचा अंदाज येत न्हाई अजून."

"आपला पुतण्या मोटारीतनं नेतोय की मला."

"नेऊ दे की. त्यो घरी नसला तर?"

मला काय झालं कुणास ठाऊक. इतक्या वर्षांचं तोंडाशी आलं. म्हटलं, "तिच्यासाठी केलं हुतं ह्ये सगळं. ती ऱ्हायली न्हाई. मग चाक का ठिवलं तुमी?"

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी भलतंच विचारलंय.

"तिच्यासाठी? आगं, तुझ्यासाठी केलं हुतं. बसत हुती कोण गाडीवर?"

ते पुन्हा चाकाकडं वळले, बोटानं त्यातला खडा काढला.

"दवाखान्यातनं येताना बी असंच इचारलं हुतंस तू. आता काय जपायचंय म्हून."

"मग तवा का बोलला न्हाई तुमी?"

"तुला टाके हुते," ते म्हणाले. "माझं ध्यान खड्ड्यांकडं हुतं."

चारीतलं पाणी वाहत होतं. लांब कुठंतरी ट्रॅक्टरवर गाणं लागलं होतं. मी किटलीत डोकावून बघितलं. अजून पाऊण भरलेली होती, पाणी हलत होतं आणि हळूहळू थांबत होतं. दोरी सोडली, किटली उचलायला गेले तर मालकांनी हातातून घेतली, "तू नगं उचलूस," म्हणाले, आणि पाणी लिंबाच्या बुडात ओतलं.

मी मागं बसले. एक हात सवयीनं पोटावर गेला. थोडा वेळ मी तो तिथंच राहू दिला, मग उचलून त्यांच्या ओल्या खांद्यावर ठेवला. घर तर समोरच दिसत होतं, चालत गेले असते तरी चाललं असतं.

म्हटलं, "सणसरला जाऊ. भेळ खाऊ."

मालकांनी किक मारली. "हळू जायला लागंल," म्हणाले.

"जाऊ की," मी म्हटलं.